अक्षरांपुरतं वेब: टेक्स्ट ब्राउझर अजून कोण वापरतं आणि का

जानेवारी २०२५ मध्ये गूगलने आपल्या शोधपानासाठी जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येऊन वाचकाच्या ब्राउझरात चालणारे प्रोग्राम, सक्तीचं केलं. बहुतेकांच्या हे गावीही नव्हतं, कारण क्रोम, फायरफॉक्स, सफारी यांच्यात जावास्क्रिप्ट चालूच असतं. पण थोड्या लोकांना गूगलवर काही शोधलं की निकालांच्या जागी ‘जावास्क्रिप्ट चालू करा’ अशा अर्थाची सूचना दिसायला लागली, आणि त्यांच्या ब्राउझरात ते चालू करायची सोयच नव्हती. ही मंडळी लिंक्स (Lynx), डब्ल्यू३एम, ईलिंक्स असले ब्राउझर वापरतात. यांच्यात चित्र नाही, व्हिडिओ नाही, उडी मारून समोर येणारी जाहिरात नाही. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं.

यातली गंमत अशी की गूगलनेच संकेतस्थळं चालवणाऱ्यांना कित्येक वर्षं सल्ला दिला होता: आपलं पान लिंक्ससारख्या टेक्स्ट ब्राउझरात उघडून तपासा, कारण बहुतेक शोधयंत्रांना ते साधारण तसंच दिसतं. आता त्याच लिंक्सला दार बंद. गूगलने कारण दिलं ते बॉट आणि गैरवापर रोखण्याचं, आणि ते खोटं म्हणता येणार नाही. वेबवर आज माणसांच्या बरोबरीने यंत्रं हिंडत असतात, आणि चित्रं न मागणारा, जावास्क्रिप्ट न चालवणारा पाहुणा यंत्रासारखाच दिसतो.

मग हे ब्राउझर अजून कुणाला का हवे असतात? ‘जुन्याची हौस’ हे उत्तर सोपं आहे, पण फार थोड्यांना लागू पडतं. खरं उत्तर समजायला एक पान उघडतं तेव्हा आत काय होतं ते आधी बघावं लागेल.

एक पान, सत्तर मागण्या

आपण पत्ता टाकतो, ब्राउझर त्या सर्व्हरकडे पान मागतो आणि सर्व्हर एचटीएमएलची एक फाईल पाठवतो. ही फाईल म्हणजे साधा मजकूरच. फक्त त्यात खुणा केलेल्या असतात: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा. शिवाय इतर फायलींचे उल्लेख असतात. हे चित्र अमुक ठिकाणाहून घ्या, रंग-मांडणीचे नियम तमुक फाईलमधून, हा फाँट तिसऱ्या सर्व्हरवरून, आणि हे वीस प्रोग्राम उतरवून वाचकाच्या यंत्रावर चालवा.

नेहमीचा ब्राउझर हे सगळं निमूटपणे आणतो. वेबची पानं नियमित मोजणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्ह या प्रकल्पाच्या नोंदींनुसार मध्यम वजनाचं एक पान आता दोन एमबीच्या पुढे गेलंय आणि त्यासाठी सत्तरच्या आसपास मागण्या कराव्या लागतात. यात मूळ एचटीएमएल किती? साधारण तीस-चाळीस केबी. आपण जे वाचायला आलो ते बहुतेक वेळा एवढ्यातच असतं.

टेक्स्ट ब्राउझर ही पहिली फाईल घेतो आणि थांबतो. शीर्षक वेगळ्या रंगात, दुवे ठळक, यादीपुढे खुणा, बास. चित्राच्या जागी त्याचं वर्णन येतं, तेही पान बनवणाऱ्याने लिहिलं असलं तर. नसलं तर फाईलचं निरर्थक नाव किंवा रिकामा कंस. लिंक्स जावास्क्रिप्ट चालवत नाही. मांडणीचे नियम त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे पान कसं दिसावं हे पान बनवणारा ठरवत नाही, वाचणारा आणि त्याचा ब्राउझर ठरवतात. एचटीएमएलची मूळ कल्पना हीच होती. सुरुवातीच्या एचटीएमएलमध्ये रंग किंवा फाँट सांगायची सोय नव्हती. ‘हे शीर्षक आहे’ एवढं सांगायचं, ते मोठ्या अक्षरांत दाखवायचं की मोठ्या आवाजात वाचायचं ते ज्याचं त्याने बघावं.

कॅन्ससपासून व्हीएसएनएलपर्यंत

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला तो नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर. तो खिडक्या आणि माऊसवाला होता, पण नेक्स्टचा महागडा संगणक किती जणांकडे असणार? म्हणून ते काम करत त्या सर्न या युरोपीय भौतिकशास्त्र संशोधन केंद्रात गणिताची एक विद्यार्थिनी, निकोला पेलो, हिने कुठल्याही यंत्रावर चालेल असा ‘लाईन मोड ब्राउझर’ लिहायला घेतला, आणि तो १९९१ मध्ये बाहेर पडला. त्यात प्रत्येक दुव्यापुढे आकडा छापलेला असे. आकडा टाईप करायचा, एंटर दाबायचं. कर्सर इकडून तिकडे हलवण्याची क्षमताही नसलेल्या यंत्रांवर हे चालत होतं. सर्नबाहेरच्या बऱ्याच लोकांनी वेब पहिल्यांदा पाहिलं ते असं.

लिंक्सचा जन्म १९९२ चा, अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात. लू माँटुली, मायकल ग्रोब आणि चार्ल्स रेझॅक या तिघांनी तो विद्यापीठातली माहिती सगळ्यांना बघता यावी म्हणून केला होता. वेबशी त्याची गाठ १९९३ मध्ये पडली. त्याच वर्षी मोझेक हा ब्राउझर आला, मजकुराच्या मध्येच चित्र दाखवू लागला आणि जग तिकडे वळलं. लिंक्स मात्र मेला नाही. आजही थॉमस डिकी त्याची देखभाल करतात, आणि अजून चालू असलेल्या ब्राउझरांत वयाने तोच सगळ्यात मोठा. तो सर्व्हरला आपली ओळख सांगतो त्यात सर्नच्या नव्वदच्या दशकातल्या प्रोग्राम-संग्रहाचं नाव आजही असतं.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या म्हणजे व्हीएसएनएलच्या तारेवरून. त्यातलं स्वस्त खातं, जे विद्यार्थ्यांना परवडायचं, ते ‘शेल खातं’ असे. मोडेमने फोन लावायचा आणि निगमच्या संगणकावर आत शिरायचं. प्रोग्राम तिकडे चालणार, आपल्या पडद्यावर फक्त अक्षरं उमटणार. चित्रं दिसणारं खातं वेगळं आणि बरंच महाग. मुंबई-पुण्यातल्या त्या पिढीतल्या कित्येकांनी वेब प्रथम पाहिलं ते लिंक्समधून, आणि त्यांना तो ‘टेक्स्ट ब्राउझर’ वाटतही नव्हता. तेच वेब होतं. तेव्हाच्या ९.६ केबीपीएस वेगाने आजचं अडीच एमबीचं पान उतरवायचं म्हटलं तर पस्तीस मिनिटं लागतील. त्यातलं नुसतं एचटीएमएल अर्ध्या मिनिटात येईल.

ज्यांच्याकडे पडदाच नाही

आज टेक्स्ट ब्राउझर सर्वात नेमाने वापरतात ते सर्व्हर सांभाळणारे लोक. डेटा सेंटरमधल्या यंत्राला बहुतेक वेळा मॉनिटर नसतो, खिडक्या-माऊसची व्यवस्था बसवलेलीच नसते. दुरून एसएसएच या सुरक्षित जोडणीने आत शिरलं की समोर टर्मिनल, म्हणजे नुसत्या अक्षरांत आज्ञा द्यायची खिडकी. अशा वेळी ‘या यंत्रावरून अमुक पान दिसतंय का’ एवढं तपासायचं असतं, किंवा आतल्या नेटवर्कवरचं, बाहेरून न उघडणारं एखादं पान बघायचं असतं. त्यासाठी लिंक्स दोन-चार एमबीत बसतो आणि लगेच उघडतो. अपाचे या वेब सर्व्हरच्या नियंत्रण-आज्ञेला सर्व्हरची हालहवाल विचारा. ती माहिती दाखवायला तिला मुळात लिंक्सच लागतो, नसला तर कुरकुर करते. जेंटू किंवा आर्च ही लिनक्स प्रणालीची रूपं नव्या यंत्रावर चढवताना अजून काहीच बसवलेलं नसतं, तेव्हा माहितीपुस्तिका वाचायला, फाईल उतरवायला त्यांच्या प्रतिष्ठापन-डिस्कवर टेक्स्ट ब्राउझर ठेवलेला असतो.

यांचा दुसरा उपयोग माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे, आणि बाहेरच्यांना तो सहसा माहीत नसतो. लिंक्स आणि डब्ल्यू३एम दोघांनाही सांगता येतं की पान दाखवू नका, त्याचा मजकूर नीट ओळी पाडून ओतून द्या. हा मजकूर मग दुसऱ्या प्रोग्रामला देता येतो: त्यात शब्द शोधा, कालच्या पानाशी ताडून काय बदललं ते सांगा, ईमेलने पाठवा. टर्मिनलमध्ये ईमेल वाचणारे लोक एचटीएमएलने बरबटलेली पत्रं वाचायला हीच युक्ती वापरतात. इथे ब्राउझर हा स्वतंत्र कार्यक्रम राहत नाही, नळाच्या जोडणीतला एक तुकडा होतो. क्रोमकडून अशी कामं करून घेता येतात, पण त्यासाठी अख्खं क्रोम उठवावं लागतं.

कानाने वाचणारे

पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी पूर्ण गेली. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात गणित, पुढे आयआयटी मुंबई, मग कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट. १९९४ च्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता गणिताची समीकरणं संगणकाने अशी वाचावीत की ऐकणाऱ्याला त्यांची रचना कळेल. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘ईमॅक्स्पीक’ प्रसिद्ध केला. ईमॅक्स या मजकूर-संपादकाला बोलतं करणारी ही व्यवस्था, आणि ईमॅक्समध्ये वेब बघायची सोय असल्याने वेबही तिच्यातून ऐकता येतं.

रामन यांचा मुद्दा फार मोलाचा आहे. त्या काळचा नेहमीचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, पडद्यावर आधी चितारलेलं पान बघायचा आणि ते बोलून दाखवायचा प्रयत्न करायचा. ईमॅक्स्पीक पडद्याच्या मागे जातो. हे शीर्षक आहे, हा दुवा आहे हे एचटीएमएलमध्ये लिहिलेलंच असतं, मग पडद्यावरून अंदाज कशाला? शीर्षक वेगळ्या आवाजात, दुवा वेगळ्या स्वरात. कार्ल डालकी या अंध प्रोग्रामरने केलेला ‘एडब्राउझ’ तर पडद्याची कल्पनाच सोडून देतो. ओळ मागा, ओळ मिळेल. वाणीला किंवा ब्रेलपट्टीला एका वेळी ओळभरच मजकूर पेलतो, त्यामुळे हे थेट सोयीचं पडतं.

पण इथे एक गैरसमज खोडून काढायला हवा. ‘लिंक्समध्ये चालतं म्हणजे अंधांना चालतं’ असं अनेक वेब बनवणारे आजही म्हणतात. तसं नाही. आज बहुतेक अंध वाचक एनव्हीडीए, जॉज, टॉकबॅक अशा स्क्रीन रीडरसह क्रोम किंवा फायरफॉक्ससारखे नेहमीचेच ब्राउझर वापरतात, आणि त्यांना त्याच बँकेच्या पानावर, त्याच तिकिटाच्या पानावर काम करायचं असतं. टेक्स्ट ब्राउझर हा त्यांच्यातल्या काहींचा, मुख्यतः प्रोग्रामरांचा, आवडता मार्ग आहे. अंधांना ‘तुमच्यासाठी साधं पान वेगळं’ असं सांगणं हा शहाणपणा नव्हे, पळवाट आहे.

कुकी घेऊ का, विचारणारा ब्राउझर

लू माँटुली कॅन्ससहून नेटस्केप या ब्राउझर कंपनीत गेले आणि १९९४ मध्ये तिथे त्यांनी वेबला कुकी दिली, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरात ठेवलेली छोटी नोंद. खरेदीची टोपली एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना रिकामी होऊ नये हा साधा हेतू. पुढे जाहिरात कंपन्यांनी तिचं काय केलं ते आपण रोज ‘स्वीकारा’ म्हणत बघतोच. त्याच माँटुलींचा पहिला ब्राउझर, लिंक्स, मूळ ठेवणीत प्रत्येक कुकीसाठी खालच्या ओळीत विचारतो: घेऊ, नको, या ठिकाणाहून नेहमी घेऊ, की कधीच नको? पानामागे पान हा प्रश्न येत राहिला की एखाद्या साध्या बातमीमागे किती जण टपून असतात ते आकडेवारीशिवाय कळतं.

पाळत ठेवणारे बाकीचे बहुतेक उपाय लिंक्समध्ये आपोआप फसतात. पाळतीसाठी पानात लपवलेलं अदृश्य चित्र मागितलंच जात नाही, हेरगिरीचा प्रोग्राम चालतच नाही. मात्र हे गुप्ततेचं कवच नव्हे. आयपी पत्ता सर्व्हरला कळतोच, आणि उलट लिंक्सवाला इतका विरळा असतो की नोंदवहीत उठून दिसतो. सुरक्षिततेचंही तसंच. जावास्क्रिप्ट नाही म्हणून हल्ल्याच्या पुष्कळ वाटा बंद होतात, पण मोठ्या ब्राउझरांमागे सुरक्षेसाठी राबणाऱ्या मोठ्या तुकड्या आहेत, लिंक्समागे मूठभर माणसं. २०२१ मध्ये त्यात एक चूक सापडली: पत्त्यातच नाव आणि पासवर्ड लिहिला, तर तो सांकेतिक रूपात न जाता जोडणीच्या सुरुवातीलाच उघडा पडत होता. ती दुरुस्त झाली.

आणि मग एक गट उरतो ज्याला फक्त वाचायचं असतं. लेख उघडला की मजकूर, बाजूला खेचणारं काही नाही. हे लोक अधूनमधून तपस्वी असल्याचा आव आणतात, त्याकडे दुर्लक्ष करावं. त्यांची गरज खरी आहे. नाहीतर जवळजवळ प्रत्येक मोठ्या ब्राउझरने ‘वाचन दृश्य’ नावाचं बटण दिलं नसतं. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडावर चालून येत असताना सीएनएन आणि एनपीआर या अमेरिकी वृत्तसंस्थांनी आपल्या निव्वळ मजकुराच्या आवृत्त्या लोकांपुढे ठेवल्या. टॉवर पडलेले, फोनची बॅटरी संपत आलेली, अशा वेळी बातमी हवी असते, बातमीभोवतीचा पसारा नाही. त्या आवृत्त्या आजही आहेत आणि लिंक्समध्ये सुरेख उघडतात.

मराठी वाचणाऱ्याची पंचाईत

मराठी वाचणाऱ्याने हे ब्राउझर उघडले की पहिला धक्का बसतो तो अक्षरांचा. टर्मिनल म्हणजे चौकटींची जाळी, एका चौकटीत एक अक्षर, हा हिशोब रोमन लिपीवर बेतलेला. देवनागरीत ‘कि’ साठवताना आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी, दाखवताना मात्र वेलांटी आधी. ‘क्ष’ म्हणजे आत तीन चिन्हं, बाहेर एक आकार. टर्मिनल चौकटी मोजतं एक आणि फाँट काढतो दुसरंच. मग वेलांट्या भलत्या अक्षरावर चढतात, जोडाक्षरं फुटतात, कर्सर शब्दाच्या मधोमध अडकतो. लिनक्सच्या निव्वळ अक्षरी कन्सोलवर तर फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात, तिथे देवनागरीची आशाच नको.

उपाय दोन. एमएलटर्म नावाचं टर्मिनल भारतीय लिप्या बऱ्याच समजुतीने हाताळतं. त्यात डब्ल्यू३एम चालवला तर मराठी वाचता येतं. दुसरा, आणि मला जास्त पटणारा, ईमॅक्सच्या खिडकीतला ईडब्ल्यूडब्ल्यू हा ब्राउझर. तो २०१४ पासून ईमॅक्ससोबतच येतो, आणि २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून ईमॅक्स हार्फबझ ही अक्षरजोडणीची व्यवस्था वापरू शकतं. त्यामुळे जोडाक्षरं जशी हवीत तशी दिसतात. मराठी विकिपीडियाचा लांबलचक लेख यात आरामात वाचून होतो.

इंग्रजीसाठी लिंक्सने सुरुवात करायला हरकत नाही. लिनक्सवर तो एका आज्ञेत बसतो. खालचा-वरचा बाण एका दुव्यावरून दुसऱ्यावर नेतो, उजवा बाण दुवा उघडतो, डावा मागे आणतो. ‘जी’ दाबून पत्ता टाकायचा, तिरकी रेघ दाबून पानात शब्द शोधायचा, ‘क्यू’ दाबून बाहेर. शोधण्यासाठी गूगलऐवजी डकडकगोची ‘लाईट’ आवृत्ती वापरायची, ती जावास्क्रिप्ट मागत नाही.

बाकी वेबवर अनुभव संमिश्र येतो. विकिपीडिया, प्रोग्रामिंगची कागदपत्रं, जुन्या वळणाची संकेतस्थळं उत्तम. संपूर्ण पानच जावास्क्रिप्टने बांधणारी ठिकाणं कोरी करकरीत. जीमेलची साधी एचटीएमएल आवृत्ती गूगलने २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा तोही रस्ता गेला. ‘तुम्ही माणूस आहात का’ विचारणाऱ्या चाचण्या तर लिंक्सला उत्तर द्यायची संधीच देत नाहीत. एक अपवाद मजेदार आहे. एआयसाठी मजकूर उपसणाऱ्या यंत्रांना अडवायला अनेक मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांनी २०२५ मध्ये ‘अनुबिस’ नावाचा पहारेकरी बसवला. तो मूळ ठेवणीत अशाच पाहुण्यांना कोडं घालतो जे स्वतःला ‘मोझिला’ म्हणवतात, कारण मोठे ब्राउझर तसं म्हणवतात आणि म्हणून वेष पालटलेली यंत्रंही तसंच म्हणवतात. लिंक्स आपलं नाव लिंक्सच सांगतो आणि सरळ आत जातो.

ज्यांना टर्मिनल सोडायचं नाही आणि आजचं वेबही हवं, त्यांच्यासाठी २०१८ मध्ये ‘ब्राउश’ आला. तो पडद्याआड खरा फायरफॉक्स चालवतो आणि त्याचं चित्र रंगीत चौकोनांत टर्मिनलवर उमटवतो. व्हिडिओसुद्धा, ओबडधोबड ठिपक्यांत. युक्ती अफलातून आहे, दूरच्या सर्व्हरवर तो ठेवला तर कमकुवत जोडणीवर उपयोगीही पडते. पण सत्तर मागण्या आणि वीस प्रोग्राम त्यात तसेच चालतात, फक्त दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावर. बँकेचं किंवा रेल्वेच्या तिकिटाचं काम असेल तर ब्राउशच्या नादी न लागता शेजारी साधा फायरफॉक्स उघडलेला बरा.